टाचांच्या भेगा : आधी ओल, दगड नंतर

टाचा फुटल्या की बहुतेकांचा हात पहिल्यांदा दगडाकडे जातो. बाथरूममध्ये बसायचं, जोर लावून खसाखसा घासायचं, पांढरा भुगा पडला की समाधान मानायचं आणि पाय पुसून उठायचं. दोन दिवस टाच गुळगुळीत लागते. आठवड्याभरात ती पहिल्यापेक्षा जाड झालेली असते. मग पुन्हा दगड, आणि या वेळी जोर जास्त. कित्येक घरांत हे वर्षानुवर्षं चालतं आणि शेवटी ‘आमच्या पायांची कातडीच तसली’ म्हणून विषय संपतो.

खरं तर या सगळ्या कामात घासण्याचा वाटा सगळ्यात लहान आहे. टाचेला ओल द्यायची, ती आत अडवून ठेवायची आणि टाचेवरचा दाब कमी करायचा, ही खरी कामं. ती रोज थोडी थोडी केली तर दगडाला फारसं काही उरत नाही. ज्यांनी आजवर पायांकडे लक्षच दिलं नाही आणि आता सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी हा क्रम सांगतो.

टाच फुटते कशामुळे

अंगावर जवळजवळ सगळीकडे तेलग्रंथी असतात. तळहात आणि तळपायांना त्या नाहीत. तळव्यांना घाम भरपूर येतो, पण कातडीवर तेलाचा थर नसल्यामुळे ओल टिकत नाही. त्यात तळव्याची कातडी मुळातच अंगावरच्या कातडीपेक्षा कितीतरी जाड. जिथे दाब किंवा घर्षण जास्त, तिथे शरीर स्वतःच्या बचावासाठी ती आणखी जाड करतं. त्यालाच आपण घट्टा पडला म्हणतो.

आता भाकरी डोळ्यांसमोर आणा. पीठ घट्ट मळलं गेलं, पाणी कमी पडलं, की थापताना मधला भाग ठीक राहतो आणि कडा फाटतात. टाचेचं तसंच होतं. उभं राहिलं की अंगाच्या वजनाने टाचेखालची चरबीची गादी चपटी होऊन बाजूंना पसरते. कातडी लवचीक असेल तर तीही पसरते. कोरडी आणि जाड असेल तर कडेला फुटते. म्हणून भेगा टाचेच्या मधोमध कमी आणि कडेने जास्त दिसतात. मागून उघड्या चपलांमध्ये ही गादी पसरायला मोकळं रान मिळतं. स्लिपर, कोल्हापुरी, पट्ट्यांच्या चपला सगळ्या त्यात आल्या.

आपल्याकडे याला एक ठरलेलं वेळापत्रकही असतं. पावसाळाभर पाय ओले असतात, त्यामुळे भेगा जाणवत नाहीत. नवरात्रात अनेकजण नऊ दिवस अनवाणी चालतात. त्यावर ऑक्टोबरचं ऊन, आणि दिवाळीनंतर कोरडी थंडी. तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू होते तेव्हा मेंदीसाठी पाय पुढे करताना लोकांना टाचा आठवतात, आणि एका दुपारच्या पेडिक्युअरमध्ये चार महिन्यांचं काम उरकायची घाई होते. तसं होत नाही.

यात ज्याचं काम दिवसभर उभं राहण्याचं, त्याचे हाल जास्त: शिक्षक, कंडक्टर, पोलीस, दुकानातली माणसं, आणि ज्यांचं उभं राहणं कुणी कधी मोजत नाही त्या ओट्यापाशी उभ्या असलेल्या बायका. शहाबादी फरशी असो की गुळगुळीत टाइल्स, घरात अनवाणी वावरणं हेही कारणांत धरायचं. वजन, वय, थायरॉइडचं काम मंद असणं यांनीही कातडी कोरडी पडते. ‘पाणी कमी पितोस म्हणून टाचा फुटल्या’ किंवा ‘कुठलं तरी व्हिटॅमिन कमी असेल’ ही मात्र ऐकीव कारणं. पाणी जरूर प्या, पण तांब्याभर पाणी टाचेपर्यंत पोचून भेग बुजवत नाही.

काहीही लावण्याआधी पाय नीट बघा

दिवसाच्या उजेडात बसा, किंवा मोबाइलचा टॉर्च लावा. पाय धुऊन कोरडा केलेला असावा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. घरातल्या थोरांचे पाय तर आपणहून बघावेत. ‘काही नाही रे, असंच आहे’ यावर विसंबू नये.

टाचेच्या कडेला बोट फिरवा. साध्या घट्ट्याचा रंग पिवळसर राखाडी असतो, दाबलं तर दुखत नाही, आणि कातडीवरच्या बारीक रेषा त्यावरून तशाच पुढे गेलेल्या दिसतात. भेग उथळ असेल तर तिचा तळही त्याच रंगाचा असतो. ती फक्त मेलेल्या थरात आहे, म्हणून बोचत नाही. तळाशी गुलाबी किंवा लाल दिसलं, टाच टेकताना कळ आली, मोज्याला रक्ताचा ठिपका लागला, तर भेग जिवंत कातडीपर्यंत गेली आहे. या दोन भेगांचे उपाय वेगळे आहेत, ते पुढे सांगतो.

पायावरचं जाड झालेलं सगळंच घट्टा नसतं. बोटावर किंवा चवड्याखाली छोटं, गोल, मध्ये टणक खुंटी रुतल्यासारखं असेल आणि वरून दाबताच कळ येत असेल तर ते कुरूप. वरून दाबण्यापेक्षा दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखलं, कातडीच्या रेषा तिथे तुटल्या आणि आत काळे बारीक ठिपके दिसले, तर ती तळव्याची चामखीळ. ती विषाणूमुळे होते, घासून पसरू शकते, म्हणून तिला दगड लावायचा नाही. बोटांच्या बेचक्यात पांढरं, ओलं, खाजरं झालं असेल तर त्या चिखल्या. तिथे ओल नाही, कोरडेपणा हवा.

फसवणारा प्रकार म्हणजे बुरशी. तिचा एक प्रकार असा की तो गोल चट्टा करून खाजत नाही. सगळा तळवा कडेपर्यंत कोरडा दिसतो, रेषांमध्ये पिठासारखी भुकटी बसते, आणि माणूस वर्षानुवर्षं त्याला कोरडी कातडी समजून तेल चोळत राहतो. एकच पाय जास्त बिघडलेला, नखं पिवळी-जाड झालेली, किंवा दोन पाय आणि एकच तळहात कोरडा, असं दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तळव्यांवर लालसर, कडा स्पष्ट असलेले जाड चट्टे असतील तर सोरायसिस असू शकतो. आणि चपलेच्या पट्ट्याच्या आकारातच कातडी बिघडली असेल, तर दोष त्या चपलेच्या रबराचा, चामड्याचा किंवा डिंकाचा असू शकतो.

शेवटी डोळे मिटून कुणाला तरी तळव्याच्या निरनिराळ्या ठिकाणी कापसाने हलकेच स्पर्श करायला सांगा. कळतंय ना? कुठे कळत नसेल तर इथेच थांबा आणि डॉक्टरकडे जा. पायाची जाणीव जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मधुमेह. आपल्याकडे कुष्ठरोगही अजून संपलेला नाही. त्यात घाम आणणाऱ्या नसा निकामी होतात, म्हणून पाय कोरडे पडून फुटतात. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

मधुमेह असेल तर

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा परिच्छेद बऱ्याच घरांना लागू आहे. पाय बधिर असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर पाय भिजत घालायचे नाहीत, ब्लेड नाही, वजरी नाही, कुरूपावर चिकटवायची औषधी पट्टी म्हणजे कॉर्न कॅप नाही, सॅलिसिलिक ॲसिडचं मलम स्वतःच्या मनाने नाही. पाय कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्यासकट टिपून कोरडे करा, टाचेला आणि तळव्याला साधं क्रीम लावा, बेचक्यात लावू नका, आणि रोज पाय बघा. घट्टा काढायचा असेल तर डॉक्टरांकडूनच. मधुमेह्याच्या घट्ट्याखाली जखम दडलेली असू शकते आणि ती दुखत नाही, धोका तो आहे.

बाकीच्यांनी पुढे चला.

भिजवणं

रात्री, दिवसाची सगळी चाल संपल्यावर. बादलीत किंवा घमेल्यात कोमट पाणी घ्या. कोपर बुडवून बघा, तिथे सुखद लागलं पाहिजे. टाचेच्या जाड कातडीला चटका उशिरा कळतो, म्हणून पायाने पाणी तपासू नये. दहा-पंधरा मिनिटं पुरे. अर्धा-पाऊण तास बसून राहिलात तर कातडी फुगते आणि नंतर उलट जास्त कोरडी पडते. मीठ, शाम्पू, सोडा काहीही घालायची गरज नाही. धूळमातीत काम असेल तर सौम्य साबणाचा थेंब चालेल. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा थर राहून कातडी आणखी ताणते, तेव्हा शेवटी चांगलं खळबळून घ्या.

हे भिजवणं रोज नको. आठवड्यातून दोन, फार तर तीन वेळा. इतर रात्री नुसते पाय धुऊन लगेच मलम लावलं तरी तेच काम होतं.

घासणं

भिजवून मऊ झालेल्या टाचेवर प्युमिस दगड किंवा वजरी एकाच दिशेने, हलक्या हाताने, प्रत्येक टाचेला एखादं मिनिट. पुढे-मागे खसाखसा नाही. बरोबर घासलंत तर लगेच फार फरक दिसत नाही, आणि तेच हवं आहे. टाच गुलाबी झाली, झोंबायला लागली, तर तुम्ही कधीच पुढे गेला आहात. जास्त घासलं की शरीराला तो हल्लाच वाटतो आणि बचावासाठी ते नवा थर चढवतं. सुरुवातीला सांगितलेलं चक्र इथेच सुरू होतं.

भेगेच्या आत घासायचं नाही, तिच्या दोन्ही काठांवरचा टणक उंचवटा तेवढा कमी करायचा. भेगेतून रक्त येत असेल तर ती भरेपर्यंत दगड बाजूला ठेवा. सुकलेल्या कातडीचे सुटलेले टोक हाताने ओढू नका, ते ओढत ओढत जिवंत कातडीपर्यंत जातं. छोट्या कात्रीने बाहेरचं टोक कापा. दगड ज्याचा त्याचा वेगळा असावा, वापरून झाला की धुऊन उन्हात वाळवावा. सगळ्या घराचा एकच दगड बाथरूमच्या कोपऱ्यात कायम ओला, ही बुरशी वाटण्याची उत्तम सोय आहे.

दाढीचं ब्लेड नको. पार्लरमध्ये गेलात तर आधीच सांगा, ‘ताई, ब्लेड लावू नका, नुसतं फाइल करा.’ आणि हत्यारं स्वच्छ केलेली आहेत ना, हे विचारायला लाजू नका. मध्यंतरी मॉलमध्ये पाण्यात पाय सोडून बसायचं आणि माशांकडून कातडी खाववून घ्यायची, असा प्रकार आला होता. तेच पाणी, तेच मासे, पाय मात्र दर वीस मिनिटांनी नवे. त्या वाटेला न गेलेलं बरं.

लावणं

खरं काम इथे आहे. पाय टिपून घ्या, पण अगदी कोरडे ठक्क होऊ देऊ नका. बेचके पूर्ण कोरडे, टाच किंचित दमट. दोन-तीन मिनिटांच्या आत मलम लागलं पाहिजे, म्हणजे भिजवताना आत गेलेलं पाणी तिथेच राहतं. पाय पुसून टीव्ही बघितला आणि झोपताना आठवलं, तर भिजवणं वाया गेलं.

मलमं दोन प्रकारची असतात आणि दोन्हींची कामं वेगळी. एक जाड थर मऊ करून ढिला करतं, दुसरं वरून झाकण घालतं. लोक सहसा फक्त झाकण घालतात आणि ‘इतकं तेल लावून फरक नाही’ म्हणतात. जुना, जाड घट्टा असेल तर दोन्ही हवीत.

थर ढिला करणाऱ्यांत पहिलं नाव यूरियाचं. हे नाव ऐकून शेतकरी माणूस हसतो, पण रसायन तेच आहे. मात्र गोणीतला यूरिया पायाला लावायचा नाही. तो पिकासाठी बनवलेला आणि वर कडुनिंबाचं तेल चढवलेला असतो. मेडिकलमध्ये जाऊन नुसतं ‘भेगांवर काहीतरी द्या’ म्हटलंत तर समोर जे असेल ते मिळेल. त्याऐवजी असं विचारा:

“दादा, यूरियाचं क्रीम आहे का पायांसाठी?”

“आहे ना. किती टक्के देऊ?”

हा प्रश्न आला की दुकानदार जाणकार आहे असं समजा. १० टक्के यूरिया नुसत्या कोरड्या पायांना आणि रोजच्या वापराला पुरतो. टाच जाड असेल तर २० ते २५ टक्के. ४० टक्क्यांचं क्रीम फक्त टणक घट्ट्यापुरतं, तेही डॉक्टरांना विचारून. टक्केवारी नळीवरच्या घटकांच्या यादीत बारीक अक्षरात असते. पुढच्या बाजूचं गुळगुळीत टाचेचं चित्र बघू नका, मागची बाजू वाचा. लॅक्टिक ॲसिड असलेलं क्रीमही चालतं. सॅलिसिलिक ॲसिड याहून जहाल: ६ टक्क्यांचं मलम घट्ट्यावर काम करतं, पण आजूबाजूच्या चांगल्या कातडीला लागलं तर तीही सोलते. गरोदरपणी आणि लहान मुलांसाठी ते विचारल्याशिवाय वापरू नये. ही तिन्ही उघड्या भेगेत झोंबतात, म्हणून आधी भेग भरू द्या.

एका टाचेला हरभऱ्याएवढं क्रीम पुरतं. कडेपासून सुरुवात करून तळव्याकडे चोळत जा आणि ते जिरू द्या.

मग झाकण. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे पेट्रोलियम जेली. तिला वास नाही, रूप नाही, तिच्यामागे आयुर्वेदाची पुण्याईही नाही, पण कातडीतलं पाणी अडवण्यात तिच्या पुढे जाणारं फारसं काही नाही.

कोकणात आणि गोव्यात हे काम भिरंडेल करत आलं आहे. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या बिया वाळवून कुटतात, पाण्यात उकळतात, वर तेल तरंगतं. ते निवताना थिजायला लागलं की मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. काही भागांत त्यालाच मुठेल म्हणतात. गोळा फिकट, कडक आणि बिनवासाचा असतो, बोटाने दाबला तर दबत नाही. तो वितळतो ४० अंशांच्या आसपास, म्हणजे पायाच्या उबेनेही पूर्ण पातळ होत नाही. खोबरेल २४-२५ अंशांनाच पाणी होतं आणि अंथरुणाला लागून जातं. भिरंडेल भेगेत भरलं की तिथे बसून राहतं. म्हाताऱ्या माणसांचा त्यावर जीव होता तो उगाच नाही.

वापरताना सुरीने गोळ्याचा थोडा कीस पाडा, पळीत घेऊन मंद आचेवर वितळवा, खाली उतरवा, आणि कडेने पांढरं दिसायला लागेपर्यंत थांबा. मग अंगठ्याने भेगेत दाबून भरा. गरम थेंब थेट भेगेत सोडायची जुनी पद्धत आहे. ती करू नका, वर सांगितलं तसं टाचेला चटका उशिरा कळतो. भिरंडेल हे झाकण आहे, जाड थर ते विरघळवत नाही, हेही लक्षात असू द्या.

देशावर तेल आणि मेणाचं मलम करतात. वजनाने चार भाग तिळाचं किंवा खोबरेल तेल, एक भाग मधमाश्यांचं मेण. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी ठेवा, वाटीत दोन्ही वितळवा, ढवळा, डबीत ओता. मेणबत्तीचं मेण घेऊ नका, ते ठिसूळ असतं आणि सुकलं की पापुद्रे होऊन पडतं. एरंडेल घट्ट असतं म्हणून नुसत्या खोबरेलापेक्षा टिकतं, तेही चालेल. घरात आधीपासून कुठलं राळेचं मलम असेल तर ते झाकण म्हणून लावायला हरकत नाही.

हे सगळं लावायचं पलंगावर बसून, आणि वरून सैल सुती मोजे चढवायचे. मोजे अंथरूण वाचवतात, आणि रात्री बाथरूमला उठल्यावर तेलकट पायाने टाइल्सवर घसरणं टळतं. साठीच्या पुढच्या माणसाला टाचेच्या भेगेपेक्षा खुब्याचं हाड मोडणं फार महागात पडतं. मोज्यांवरही चप्पल घालूनच उठायला सांगा.

रक्त येणारी भेग

इथे क्रम बदलतो. साबणाच्या पाण्याने धुवा, टिपा, पेट्रोलियम जेली भरा आणि वर पट्टी. दिवसा चालताना भेगेचे काठ दर पावलाला फाकतात, म्हणून भरून येत नाही. त्यासाठी मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी भेगेला आडवी, काठ जवळ ओढून लावा. भेगेच्या दोन्ही बाजूंची कातडी कोरडी असेल तरच ती चिकटते, म्हणून जेली फक्त भेगेपुरती. हा साधा उपाय आश्चर्य वाटावं इतका आराम देतो. पट्टी रोज बदला. काठ जोडायला घरातला झटपट चिकटवणारा गोंद लावणारे महाभाग आहेत. तो लाकूड-प्लास्टिकसाठी आहे, तिथेच राहू द्या. भेगेत लिंबू पिळणं, हळद-चुन्याचा लेप, टूथपेस्ट, रॉकेल हेही नको. झोंबतंय म्हणजे गुण येतोय, असं नसतं.

शेतात, गोठ्यात, बांधकामावर काम असेल तर शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. आठवत नसेल तर दवाखान्यात विचारा. उघड्या भेगेने भाताच्या चिखलात उतरावंच लागलं तर आधी जेली थापून, शक्य असेल तर गमबूट घालून उतरा, आणि बाहेर आल्यावर धुऊन बेचके कोरडे करा. ओल्या सिमेंटमध्ये उघड्या पायाने कधीच नाही. सिमेंटमधला क्षार कातडी जाळतो.

चपला

मलमाने जे कमावलं ते चपलेत घालवू नका. निदान भेगा भरेपर्यंत तरी मागून बंद बूट, किंवा टाचेमागे पट्टा असलेली आणि टाचेला खोलगट बैठक असलेली सँडल घाला, म्हणजे टाचेची गादी बाजूला पसरत नाही. तळ मऊ हवा. एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला मिळतात. बधिर पायांच्या रुग्णांसाठी हे रबर भारतात पुढे आलं ते तामिळनाडूत वेल्लोरच्या परिसरात, कुष्ठरुग्णांवर काम करताना. दिसायला साध्या असतात, पण पायांना जपतात. घरात वापरायला एक वेगळा मऊ जोड ठेवा. देवघरात आणि स्वयंपाकघरात चप्पल चालत नसेल तर जाड सुती मोजे घाला आणि ओट्यापाशी जिथे तासन्‌तास उभं राहता तिथे जाड पायपुसणं किंवा रबरी चटई टाका. मोजे मात्र ओल्या फरशीवर नकोत.

नवरात्रात अनवाणी राहणाऱ्यांना राहू नका म्हणण्यात अर्थ नाही, मधुमेह किंवा बधिरपणा असेल तेवढे सोडून. त्यांनी पितृपक्षापासूनच रोज रात्री क्रीम सुरू करावं, आणि त्या नऊ रात्री ते चुकवू नये.

किती दिवस लागतात

चार-पाच रात्रींत टाच हाताला मऊ लागायला लागते. उथळ भेगा दोन-तीन आठवड्यांत मिटतात. जाड घट्टा उतरायला महिना-दीड महिना धरा, कारण तळव्याची कातडी खालून वर नवी यायलाच तेवढा वेळ लागतो. टाच चांगली झाली की यूरिया आठवड्यातून दोन-तीनदा, आणि साधं झाकण रोज. इथेच बहुतेकजण सगळं सोडून देतात, आणि पुढच्या थंडीत पुन्हा दगड शोधतात.

डॉक्टरकडे कधी

भेगेभोवती लाली पसरते आहे, पू, दुर्गंधी, ताप, पाय सुजला, कातडी काळी पडली, तर त्याच दिवशी. महिनाभर नेमाने करूनही फरक नाही, नखं बिघडली आहेत, हाताचे तळवेही जाड होत चालले आहेत, किंवा लहानपणापासूनच हातापायांचे तळवे जाड आहेत, तर सवडीने पण नक्की, आणि शक्यतो त्वचारोगतज्ज्ञाकडेच. दुकानातून ‘खाजेचं क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या नळ्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असते. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी दबा धरून पसरते आणि तिचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखायला त्रास होतो. अशा नळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

बुरशीची शंका असेल तर डॉक्टर कातडीचा थोडा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही, बहुतेकदा लवकर होतं. त्यासाठी जाताना आदल्या रात्री पायांना काही लावू नका, मेंदी-आलता नको, आणि आधी कुठलं बुरशीचं क्रीम किंवा गोळी घेत असाल तर तसं सांगा, नाहीतर बुरशी असूनही तपासणीत दिसत नाही. आजवर जे जे लावलं त्या सगळ्या नळ्या पिशवीत घालून न्या, अर्धवट संपलेल्यासुद्धा.